बिनमालकाचा रुसवा

मांडवाच्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी मांडवावर एक हिरवं पान चढलं नव्हतं, आणि आता रडावं की कुणाच्या तरी कानाखाली काढावी हे अनिताला ठरवता येत नव्हतं. आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या. कासारीण लेकीला हिरवा चुडा भरून, चहा पिऊन गेलीसुद्धा. उद्या दारातच राजेश्वरीचं लग्न, आज तिचं देवक, आणि टाकव्याच्या पिंगळे आळीतला एकही पुरुष अंगणात नाही.

उंबराचे आणि जांभळाचे डहाळे हनुमंत ट्रॅक्टरवरून वाजतगाजत आणणार होता. ट्रॅक्टर त्यानं कालच धुऊन, झेंडूची माळ घालून ठेवला होता. पण सकाळी फोन केला तर म्हणाला, "वैनी, आबा निघाले की निगालोच."

आबा म्हणजे अंबाजी, अनिताचे थोरले दीर. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर. पोरासोरांनी उड्या मारत गेलं तरी बारा पावलं. चार दिवस झाले, ती बारा पावलं अंबाजींनी टाकली नव्हती. आबा रुसले होते.

आता खरं सांगायचं तर आबा रुसलेच नव्हते. पण हे आळीत फक्त आबांना माहीत होतं.

झालं असं होतं. सोमवारी अंबाजींनी तळेगावला जाऊन कवळी बसवली. ही गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नाही, कारण माझे सगळे दात अजून शाबूत आहेत हे अडुसष्ट वर्षांचे अंबाजी गेली पाच वर्षं डेअरीवर बसून सांगत होते. मंगळवारी कामशेतला बस्ता होता. साड्या झाल्या, फेटे झाले, सगळे जेवायला समोरच्या हॉटेलात बसले. तोवर अंबाजींच्या हिरड्यांना अशी ठणक लागली होती की तोंड उघडायची सोय नव्हती. ते काही न बोलता उठले, जीपमध्ये बसले आणि घरी आले.

चुलत पुतण्या सोपाननं ते पाहिलं. त्यानं हनुमंतला सांगितलं, आबा न जेवता गेले. एवढंच, आणि ते खरंच होतं. हनुमंतनं घरी सांगितलं, आबा ताटावरून उठले. ताट आलंच नव्हतं, पण असो. संध्याकाळी डेअरीवर दुधाबरोबर बातमी आली ती अशी, की आबांना ताटावरून उठवलं. बुधवारी सकाळपर्यंत कारणही सापडलं. फेट्यांचा रंग म्हणे आबांना विचारला नाही. रंग आबांनीच पसंत केला होता, पण दुकानात त्या वेळी हजर असलेल्यांनाही आता ते नीट आठवेना.

बुधवारी दुपारी हनुमंत आबांच्या ओट्यावर आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "आबा, काळजी करू नका. आमी सगळी तुमच्या बाजूनं हाय. तुमी न्हाई तर आमीबी न्हाई."

"कशाच्या बाजूनं?" असं विचारायला अंबाजींनी तोंड उघडलं आणि कवळी टोचली म्हणून मिटलं. तेवढ्या वेळात त्यांना बरं वाटून गेलं, हेही लपवण्यात अर्थ नाही. सामायिक विहिरीच्या भांडणात हट्टापायी तोंड पोळल्यापासून भावकीत त्यांचा शब्द उतरला होता. लोक सल्ला विचारायला ट्रॅक्टरवाल्या हनुमंतकडं जायचे. आणि आज तोच हनुमंत ओट्याखाली उभा राहून आपल्यासाठी रुसायला तयार झाला होता.

अंबाजी म्हणाले, "बघू."

गुरुवारी अनिता स्वतः आली. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "भावजी, काय चुकलं आमचं? सांगा तरी." तेव्हा खरं सांगून टाकायचं, की बाई, माझी दाढ... दाढ कुठली, कवळी दुखतीय. पण तोवर सात घरं त्यांच्यासाठी अडून बसली होती. काहीच झालं नव्हतं म्हणावं तर ती सात घरं येडी ठरणार. अंबाजी परत म्हणाले, "बघू." अनिता गेली, आणि अंबाजींचा रुसवा पक्का झाला.

*

शनिवारी सकाळी अंबाजी ओट्यावर बसले होते. नवं धोतर, नवा सदरा, डोक्याला फेटा. सहा वाजल्यापासून तयार.

शालूबाई आतून म्हणाल्या, "रुसलेल्या मानसानं फेटा बांदावा का न बांदावा?"

"तू गप ऱ्हा."

"मी गपच हाय. पन मुहूर्त बारा धाचा हाय. देवकाला जोडी लागतीया. अनिता कुनाला बशिवनार? सखाराम भावजींना जाऊन अकरा वर्सं झाली."

"मला ठावं न्हाई का?"

"मग उटा की."

"अगं, ती माज्यासाटी बसल्यात. हनुमंत, सोपान, समदी. त्यांना सोडून मी कसा म्होरं जाऊ? उद्या म्हनतील, आमाला झाडावर चढिवलं आन् आबा खाली उतरून जेवाय गेले."

"तुमी कुनाला चढिवलं? तुमचा दात दुकत व्हता!"

"हळू बोल की!" अंबाजींनी रस्त्याकडं पाहिलं.

गंमत अंबाजींना कळत होती, फक्त ती त्यांच्या गळ्यात अडकली होती. राजेश्वरीच्या देवकाला बसायचं त्यांनी ती तेरा वर्षांची असताना मनाशी ठरवलं होतं. भाऊ गेला त्या वर्षी. पुढं ती तळेगावच्या कॉलेजात जाऊ लागली तेव्हा पहिल्या दिवशी एसटीनं ते बरोबर गेले आणि पाच वाजेपर्यंत फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठवड्यानं ती म्हणाली, "आबा, पोरी विचारतात हे वॉचमन नवीन आलेत का?" तेव्हा कुठं थांबले. त्या पोरीचं आज देवक, आणि आपण इथं फेटा बांधून माशा मारतोय. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. पण उठवेना.

*

"सगळ्यांना यायचंय, आई. पहिलं कुणाला यायचं नाहीये," राजेश्वरी म्हणाली.

ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला असल्यामुळं रागावलेल्या माणसांशी शांत आवाजात बोलायची तिला सवय होती. समोर स्वराज उभा होता, अंबाजींचा मुलगा. तो मागच्या गोठ्यातून आला होता आणि आल्या आल्या म्हणाला होता, "मी आलोय हे आबांना सांगू नकोस."

"ग्रुपवर टाकलं होतंस ना?" राजेश्वरीनं विचारलं.

"रात्रीच टाकलं. सकाळी सात वाजता सगळ्यांनी मांडवाला यावे, ही नम्र विनंती. एक्केचाळीस जणांनी वाचलंय. कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मग कुणीच काही लिहिलं नाही."

"येतो असं तू तरी लिहिलंस?"

"मी कसं लिहू? माझा बाप रुसलाय."

"बरं. हनुमंतकाका कुणाकडं बघून थांबलेत?"

"आबांकडं."

"आणि सोपानदादा?"

"त्याला आबांचं काही नाही. तो हनुमंतकाकांकडं बघतो. ट्रॅक्टर हलला की हा पळत येईल. आणि सोपानदादा आला की खालची चार घरं आलीच."

"आणि आबा?"

स्वराजनं कपाळाला हात लावला. "आबा ह्या सगळ्यांकडं बघून थांबलेत."

"म्हणजे गोल गोल राणी चाललंय," राजेश्वरी म्हणाली. अनिताला हसू येईना. तिच्या डोळ्यांपुढं रिकामा मांडव, उद्या येणारे व्याही, आणि व्याह्यांची ती चौकस थोरली बहीण उभी होती. ती बाई विचारणार, तुमची भावकी कुठं दिसत नाही? म्हणजे लेकीला पहिल्याच दिवसापासून सासरी ऐकून घ्यावं लागणार.

"आई, कॉलेजात असताना मी चिक्कीच्या दुकानात होते, आठवतंय? दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेठ आम्हा तिघींना ॲप्रन काढून काउंटरच्या बाहेर उभं करायचे. आम्हीच चिक्की मागायची, आम्हीच बघायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, इथं गर्दी आहे म्हणजे चिक्की चांगली असणार. एक गाडी थांबली की मागं पाच थांबायच्या."

"मग आता आपन काय चिक्की वाटायची?"

"नाही. चपला काढायच्या."

आचारी आणि त्यांची माणसं मिळून सहा जोड. मांडववाल्या पोरांचे तीन. माळ्यावरच्या पोत्यातून अनितानं जुन्या वहाणा काढल्या, त्यातल्या एकीचा अंगठा होता तर दुसरीचा पट्टा. राजेश्वरीचे सँडल चार. दहा मिनिटांत मांडवाच्या तोंडाशी जत्रेत असावा तसा चपलांचा ढीग पडला. स्वराजनं स्पीकरवर सनई लावली आणि मागच्या मागं पळाला.

*

सोपान मोटरसायकलवरून गेला तो मुद्दामच गेला होता. हनुमंत गेला की काय, हे बघायला. चपलांचा ढीग बघून त्यानं करकचून ब्रेक दाबला. गेले! मला न सांगता सगळे गेले! आता नंतर गेलं तर लोक म्हणणार, हा शेवटी आला. आणि समोरून जावं तर ओट्यावर आबा फेटा बांधून बसलेले.

त्यानं घरामागच्या उंबराचा मोठा डहाळा तोडला, ओढ्याच्या बाजूनं वळसा घातला आणि अनिताच्या गोठ्यात मागून शिरला. आत म्हशीच्या पलीकडं कुणीतरी खाली बसलं.

"कोन हाय?"

"मी हाय," हनुमंत उभा राहिला. त्याच्या काखेत जांभळाचे चार डहाळे होते.

"काका? तुमी हितं काय करताय?"

"म्हस बघाय आलतो."

"मांडवाच्या दिवशी?"

"तिला बरं न्हाई म्हनं. वैरन आनली."

"जांभळाची?"

हनुमंतनं सोपानच्या हातातल्या डहाळ्याकडं पाहिलं. "आन् तुजी उंबराची कुनासाटी? रेडकाला?"

म्हैस दोघांकडं बघत रवंथ करत होती. तेवढ्यात गोठ्याचं दार परत वाजलं. दोघंही गपकन खाली बसले. आत आल्या त्या शालूबाई, मोरपंखी नऊवारी नेसून, पुरणपोळीचं पातेलं कमरेवर घेऊन.

"उटा," त्या म्हणाल्या. "मला समदं दिसतंय."

"काकू, तुमी?" सोपान आ वासून म्हणाला. "आन् आबा?"

"त्यांना सांगितलंय, न्हानीत चाललीया म्हनून."

"पन बाहीर एवढ्या चपला हायेत, ती मानसं कुटं गेली?"

मागच्या दारातून राजेश्वरीनं डोकं बाहेर काढलं. "ती माणसं तुम्हीच, दादा. या आत. चहा घेता का आधी?"

अकरा वाजेपर्यंत मागच्या अंगणात तेवीस माणसं झाली. प्रत्येक जण गोठ्यातून आला आणि प्रत्येकानं आल्यावर आधीच्यांकडं बघून, "मला वाटलं मीच एकटा," असं म्हटलं. डहाळे चढले, पण एक अडचण होती. मांडवाचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे आबांकडं. म्हणून हनुमंतनं मांडवात मधोमध आडपडदा ओढला आणि डहाळे फक्त मागच्या बाजूला बांधले. पुढून मांडव ओकाबोका, मागून नुसतं रान. मांडववाला पोरगा म्हणाला, "काका, असा मांडव मी पहिल्यांदा बघतोय." हनुमंत म्हणाला, "तू तुजं काम कर."

*

इकडं अंबाजी चपला मोजत होते. ढीग त्यांनाही दिसला होता, आणि सगळे आपल्याला सोडून गेले असं क्षणभर वाटलंही होतं. पण चाळीस वर्षं त्या ओट्यावर बसून त्यांना आळीतला प्रत्येक माणूस पायांवरून ओळखता येत होता. सोपानची निळ्या पट्ट्याची त्यात नव्हती. हनुमंतची शिवलेल्या अंगठ्याची कोल्हापुरी नव्हती. एकसुद्धा जोड भावकीतला नव्हता. चपला कुणीतरी मांडून ठेवल्यात हे त्यांनी तेव्हाच ओळखलं, आणि मांडणारी कोण ते ओळखून थोडं हसलेही.

मग त्यांचं हसू गेलं. म्हणजे कुणीच आलं नाही. सगळे आपल्या शब्दाखातर घरात बसलेत, पोरीचा मांडव रिकामा आहे, आणि हे पाप आपलं. त्यांनी हाक मारली, "अगं, झाली का न्हाई आंगूळ?" न्हाणीतून उत्तर आलं नाही.

अनिताच्या अंगणात गुरुजींनी घड्याळ बघून विचारलं, "जोडी कोण बसतेय?"

शालूबाई डाव्या हाताच्या पाटावर कधीच जाऊन बसल्या होत्या. शेजारचा पाट रिकामा होता.

"आबांना सांगाया पायजे," हनुमंत म्हणाला.

"जा की मग," सोपान म्हणाला.

"मी? मी कुटल्या तोंडानं सांगू? तुमी न्हाई तर आमी न्हाई म्हनलोय त्यांना. सोपान, तू जा."

"मला न्हाई जमायचं. मुळात न जेवता गेले म्हनून मीच..." सोपान बोलता बोलता थांबला. मग एकदम पुढं होऊन म्हणाला, "काकू, वेळ चाललाय. आमी नवरा-बायकू बसतो की देवकाला. चुलता काय आन् चुलतभाऊ काय!"

अनितानं घड्याळाकडं पाहिलं. बाराला पाच कमी. मुहूर्त चुकवायचा तिला धीर नव्हता. चार दिवस तिनं दिराची वाट पाहिली होती आणि मनातून ती आता दमली होती. ती हळूच म्हणाली, "राजे, सोपानदादा बसला तर..."

"नाही."

"अगं पन..."

"माझ्या देवकाला आबा बसणार. नाहीतर गुरुजी, तुम्ही चहा घ्या आणि घरी जा." बोलताना तिचा आवाज शांतच होता, पण तिनं पदर कमरेला खोचला. रिसेप्शनवरचा हा आवाज भावकीनं आजवर ऐकला नव्हता, म्हणून गुरुजींनी उचललेली पळी परत खाली ठेवली.

ती उठली, पडद्याखालून निघाली आणि मांडवातून सरळ पुढं चालू लागली.

"राजे!" शालूबाई पाटावरून ओरडल्या. "चुडा भरलाय! मांडवाभाईर पाय टाकायचा न्हाई!"

हा नियम त्यांच्या सासूचा. चुडा भरल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरीनं मांडव ओलांडायचा नाही. पिंगळ्यांच्या घरात तो कुणी मोडला नव्हता, आणि सासूनंतर तो सर्वांत कडक कोण पाळत असेल तर अंबाजी.

राजेश्वरीला ते पक्कं माहीत होतं. ती चपलांच्या ढिगापर्यंत आली, थांबली आणि समोर ओट्याकडं बघत एक अनवाणी पाय उचलून मांडवाच्या बाहेर, डांबरावर ठेवला. मे महिन्यातलं दुपारचं डांबर. ती दात आवळून तशीच उभी राहिली.

अंबाजी ताडकन उठले. "ए! राजे! मागं! मागं घे पाय!"

तिनं घेतला नाही. दुसरा पाय उचलला.

मग अंबाजी धावले. फेटा सुटून खांद्यावर आला, धोतराचा सोगा हातात, पायात काही नाही. चार दिवस न टाकलेली बारा पावलं त्यांनी पाच-सहा पावलांत संपवली. "अक्कल हाय का? आं? शिकली सवरलेली पोर! माजी आई काय सांगून गेली हुती? पाय भाजला का? बगू! बगू हिकडं!" असं ओरडत त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला पडद्याच्या आत मांडवात ओढत आणलं. आत आल्यावर त्यांनी वर पाहिलं.

तेवीस माणसं. मागून हिरवागार मांडव. हनुमंतच्या हातात सुतळी, सोपानच्या हातात चहाचा कप. पाटावर त्यांची स्वतःची बायको, जी न्हाणीत होती.

सनई तेवढी चालू होती. स्वराजनं ती बंद केली, आणि बंद करायला नको होती असं त्याला लगेच वाटलं.

"कवापासून आलाय?" अंबाजींनी विचारलं.

"आत्ताच, आबा," सोपान म्हणाला.

"म्हंजी मी एकटाच बसलो हुतो तितं." त्यांचा आवाज खाली आला. "अरं, मी रुसलोच नव्हतो रं. तुमी रुसला म्हनून मी बसलो."

"आन् आमी तुमी रुसला म्हनून," हनुमंत जमिनीकडं बघत म्हणाला.

"मग खरं रुसलं व्हतं तरी कोन?"

काहींनी विचार करून पाहिला.

"मी," राजेश्वरी म्हणाली.

अंबाजी तिच्याकडं वळले.

"मी रुसले होते, आबा. चार दिवस. रोज सकाळी दार उघडलं की तुम्ही समोर दिसायचा आणि मला वाटायचं, आज येतील. बाकी कुणी आलं नसतं तरी मला चाललं असतं. तुम्ही मात्र त्या सगळ्यांचा विचार करत बसलात आणि माझा नाही केलात." एवढं बोलेपर्यंत ती शांत होती. मग तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

अंबाजींनी मनगट सोडलं नव्हतं. त्यांनी एकदा भावकीकडं पाहिलं, नेहमीच्या सवयीनं, कोण काय म्हणेल ते बघायला. मग त्या सगळ्यांकडं पाठ केली.

"चुकलं माजं, राजे," ते म्हणाले.

आचाऱ्यानंसुद्धा कढईतला झारा बाजूला ठेवून मान वळवली. विहिरीच्या भांडणात सगळा तालुका समजवायला आला होता, तेव्हाही अंबाजी हे म्हणाले नव्हते.

"काय म्हनलात?" शेजारचा रिकामा पाट पुढं सारत शालूबाईंनी विचारलं. "परत एकदा म्हना. चव्वेचाळीस वर्सं झाली लगनाला, मी अजून ऐकलं नव्हतं."